जुनं हत्यार वाचायचं कसं? सांबरा परिसरातलं लोहारकाम आणि संग्राहकांसाठी काही नोंदी

मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतंच. घराच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा आजोबांच्या पेटीत एखादं लोखंडी हत्यार सापडतं. ते काय आहे, किती जुनं आहे, आणि ठेवावं का भंगारात द्यावं? सांबरा, मुतगे, निलजी, मोदगा, बाळेकुंद्री आणि तिकडं निपाणीपर्यंतच्या खेड्यांतून अशी हत्यारं मी बरीच वर्षं गोळा करतो आहे, त्यामुळं हा प्रश्न शेवटी माझ्याकडंच येतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढावं, म्हणून ही टिपणं.

लिहिण्याची घाई यासाठी की आपला भाग ओतकामाचा आहे. बेळगावच्या फाउंड्रीत बीड आणि पोलादाचं भंगार रोज वितळतं. आज किलोच्या भावानं काट्यावर चढलेली जुनी कुदळ पुढच्या आठवड्यात पंपाचा भाग झालेली असते. मूर्ती किंवा ताम्रपट सापडला तर निदान चार माणसं थांबून बघतात. लोहारानं घडवलेल्या विळ्यासाठी कुणी थांबत नाही.

आधी लोहार, मग हत्यार

आपल्याकडं लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक. शेतकरी वर्षभर फाळ, कुळवाची पास, खुरपी, विळे, कुऱ्हाडी त्याच्याकडून दुरुस्त करून घ्यायचा आणि सुगीला खळ्यावर धान्य द्यायचा. रोजच्या कामाला रोख पैसे नसत. या व्यवहारामुळं हत्याराचं रूप ठरत गेलं, हे संग्राहकानं ध्यानात ठेवावं. लोहाराला तेच हत्यार पुन्हा पुन्हा सांभाळायचं होतं. म्हणून त्यानं ते दुरुस्त करता येईल असंच घडवलं. झिजलेल्या टोकाला नवा तुकडा जोडलेला, सैल झालेल्या नेढ्यात पाचर ठोकलेली, कान तुटल्यावर पुन्हा वळवलेला, अशा खुणा दिसल्या की ते हत्यार गावात राबलंय असं समजावं.

सीमाभागात आणखी एक गंमत आहे. एकाच भट्टीवर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी गिऱ्हाईकं यायची, त्यामुळं लोहाराला प्रत्येक वस्तूची दोन नावं तोंडपाठ. लोहार म्हणजे कम्मार, भाता म्हणजे तिदी, हातोडा म्हणजे सुत्तिगे, कुळव म्हणजे कुंटे. पेरणीच्या अवजाराला देशावर पाभर किंवा तिफण म्हणतात. आपल्याकडं कुरी म्हणतात, आणि कन्नडमधला कूरिगे त्याच्या शेजारीच बसतो. इंग्रजांनी भारतीय पोलादाला ‘वूट्झ’ हे जे नाव दिलं, ते कन्नड ‘उक्कु’वरून आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मराठीत पोलादाला ‘तिखं’ असा जुना शब्द होता, तो आता फार थोड्यांना माहीत आहे.

गावच्या लोहाराशिवाय घिसाडी मंडळीही यायची. बैलगाडीवर संसार, रस्त्याकडेला जमिनीत खड्डा करून भट्टी, आणि घण मारणारी बहुतेक वेळा बाई. आज बैलगाडीच्या जागी टेंपो आलाय, पण ऊसतोडीच्या आधी कोयते करून देणारी त्यांची पालं अजून दिसतात. १९६५ सालच्या भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ या चित्रपटाचा नायक लोहारच. तो चित्रपट आपल्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवतो, याचं एक कारण म्हणजे त्यातली भट्टी प्रत्येकानं गावात पाहिलेली होती.

भट्टीवर काय घडायचं

लोहाराचं मूळ सामान थोडंच. ऐरण, घण, हातोडे, सांडश्या, छिन्या, भोक पाडायचे सुंबे, कानस, भाता आणि पाण्याची कुंडी. जळणाला दगडी कोळशाआधी लोणारी कोळसा असायचा. सांडश्या मात्र पुष्कळ, कारण फाळ धरायची वेगळी, गोल सळई धरायची वेगळी, पट्टी धरायची वेगळी. त्या लोहार स्वतःच करतो. म्हणून एखाद्या बंद पडलेल्या भट्टीवरच्या सांडश्या एकत्र पाहिल्या, की त्या गावात कोणतं काम जास्त चालायचं हे कळतं.

दोन कामं समजून घेतली तर हत्यारं वाचणं सोपं जातं.

पहिलं, शेवटणे. झिजलेला फाळ, कुदळ किंवा पहार तापवून, ठोकून तिचं टोक पुन्हा लांबवायचं, याला शेवटणे म्हणतात. प्रत्येक वेळी टोक लांबतं आणि मागचं अंग बारीक होतं. त्यामुळं फार वेळा शेवटलेली कुदळ मूळच्या निम्मीच उरलेली असते. संग्रहात ती कुरूप दिसते, पण तिनं किती हंगाम पाहिले ते तीच सांगते. नवीकोरी, भरीव कुदळ त्यामानानं मुकी.

दुसरं, पाणी देणे. धारेच्या हत्याराला नुसतं घडवून चालत नाही. धार लालभडक तापवून पाण्यात बुडवली की पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून जुना लोहार फक्त धारेचा भाग बुडवतो, लगेच बाहेर काढून दगडावर घासून उजळ करतो आणि थांबतो. मागच्या अंगातली उष्णता हळूहळू धारेकडं सरकते आणि उजळ पोलादावर रंग धावतात. आधी पेंढ्यासारखा पिवळा, साधारण २३० अंश सेल्सिअसला. मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. सुताराच्या पटाशीला पिवळा रंग धरायचा. कुऱ्हाड आणि लोखंड तोडायची छिनी जांभळ्यावर थांबवायची. निळा म्हणजे कमानीचा लवचीकपणा. हवा तो रंग धारेवर आला की सगळं हत्यार पाण्यात. थर्मामीटर नव्हता, डोळा होता, आणि तो नीट चालावा म्हणून भट्टी सावलीत असायची. भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही.

धाव चढवणं

बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव हे लोहार आणि सुतार यांचं जोडकाम. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी आखूड करायची. मग जमिनीवर गोवऱ्यांच्या रिंगणात ती तापवायची, चौघांनी सांडश्यांनी उचलून चाकावर टाकायची, घणानं बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आकसते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळं आवळून धरते.

इथं थोडा हिशेब बघा. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर साधारण ४७८ सेंटिमीटर. लोखंड दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या दहा लाखांतले बारा भाग वाढतं. सहाशे अंश तापमान वाढलं तर धाव जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर लांबते. म्हणजे लोहाराच्या मापात दोन-तीन बोटांचीच सवड. धाव फार आखूड झाली तर चढणार नाही किंवा चाकच मोडेल, सैल राहिली तर उन्हाळ्यात निसटेल. शाळेत न गेलेली माणसं हे माप सुतळीनं घेत होती. तुमच्या अंगणात धाव पडली असेल तर तिचा सांधा शोधा. दोन टोकं तापवून ठोकून एकजीव केलेली असतील तर जागा किंचित जाड आणि ओबडधोबड दिसते. सरळ, बारीक, एकसारखी शिवण दिसली तर ती बहुधा नंतरची वेल्डिंग.

लोखंड ओळखणं

वय ठरवायचा पहिला पुरावा म्हणजे खुद्द धातू.

घडीव लोखंडात मळीचे बारीक धागे असतात. गंजून गेलेल्या जुन्या पहारीवर लाकडासारख्या रेषा दिसल्या तर ते घडीव लोखंड. पोलाद गंजतं तेव्हा असे धागे सुटत नाहीत, खड्डे पडतात. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक जांभ्यातलं लोखंड कोळशाच्या भट्टीत गाळत असत. पुढं विलायती पट्ट्या आणि सळया स्वस्त मिळू लागल्या, तसं गाळणं थांबलं आणि लोहार बाजारातलं लोखंड घडवू लागला.

जुन्या कुऱ्हाडीची धार बाजूनं घासून बघा. अंग साध्या लोखंडाचं आणि धारेपुरता पोलादाचा तुकडा आत बसवलेला असेल, तर दोन्हींच्या मध्ये रेष दिसते. पोलाद महाग होतं, म्हणून ते लागेल तिथंच वापरलं. ट्रक आले आणि हे चित्र बदललं. मोडक्या कमानीचा पाटा म्हणजे चांगलं पोलाद, तेही भंगाराच्या भावात. त्यानंतरचे बहुतेक कोयते आणि विळे सबंध पाट्याचेच. म्हणून एकसंध पोलादाचा कोयता दिसला तर तो बहुधा मोटारींच्या काळातला, आणि जोड असलेली कुऱ्हाड त्याआधीची असण्याची शक्यता जास्त.

बीड ओळखणं सोपं. ते ओतलेलं असतं, साच्याच्या दोन भागांची रेष त्यावर राहते आणि अक्षरं उठावाची असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावचा उद्योग १८८८ पासून मोजला जातो. सायकलच्या दुकानापासून सुरुवात झाली, पुढं कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर आले, आणि १९१० मध्ये कारखाना कुंडल रोड स्टेशनजवळ, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होईल, या समजुतीनं सुरुवातीला शेतकरी तो घेत नव्हते असं सांगतात. गावच्या लोहाराच्या बाजूनं पाहिलं तर तो नांगर म्हणजे एका बदलाची सुरुवात होती. फाळ भट्टीवर घडवण्याऐवजी सुटा भाग म्हणून दुकानातून यायला लागला. अशा नांगराचे तुकडे सापडले तर अक्षरं असलेला भाग आधी वाचवा.

खुणा आणि अक्षरं

गावचा लोहार आपलं नाव सहसा मारत नसे. कुऱ्हाडीवर छिनीनं मारलेल्या दोन-तीन रेघा किंवा ठिपके असतात, ते मालकाच्या घराचं चिन्ह. कामावर सगळ्यांची हत्यारं एकत्र पडली की ओळखायला. बाहेरून आलेल्या मालावर मात्र छाप असतो आणि तो तारीख सांगतो.

रेल्वे: मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे १९०८ मध्ये झाली आणि १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत मिसळली. तिची अक्षरं असलेला हातोडा, पाना किंवा पहार या ४३ वर्षांतली. रुळाचा हातभर तुकडा पुष्कळ लोहारांनी ऐरण म्हणून वापरला, त्याच्या कडेलाही अक्षरं आणि साल मिळू शकतं.

सैन्य: कोंबडीच्या पायासारखा तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बेळगाव छावणीचं गाव, आणि सांबऱ्याचा विमानतळ १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलानं बांधला. त्यामुळं असे पाने आणि कुऱ्हाडी आपल्या भागात निघाल्या तर नवल नाही. बाणाशेजारी साल कोरलेलं असलं तर दुसरं काही शोधायला नको.

विलायती ऐरण: इंग्लंडच्या पीटर राइटसारख्या ऐरणींच्या अंगावर सुटे तीन आकडे असतात, उदाहरणार्थ १, २, १०. पुष्कळांना तो अनुक्रमांक वाटतो, पण ते वजन आहे. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चतुर्थांशांचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे ११२ अधिक ५६ अधिक १०, एकूण १७८ पौंड, साधारण ८१ किलो. वजन करून पडताळा. बराच फरक आला तर ऐरणीचा काही भाग तुटलाय किंवा घासून काढलाय.

मापं: आपल्याकडं मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली. घणावर किलोचा आकडा असेल तर तो त्यानंतरचा. पौंडाचा असेल तर आधीचा असेलच असं नाही, कारण पौंडाची सवय नंतरही रेंगाळली.

साफ करताना

माझ्या मते संग्रहाचं सगळ्यात जास्त नुकसान गंज करत नाही, ग्राइंडर करतो. चाक फिरलं की छाप जातो, ठोकल्याच्या खुणा जातात, पोलादाच्या जोडाची रेष जाते. धार निळी पडली तर लोहारानं दिलेलं पाणीही उतरतं. भट्टीत किंवा गॅसवर तापवून गंज काढणं त्याहून वाईट.

आधी ब्रश आणि रॉकेल. तेवढ्यानं नाही भागलं तर विजेची पद्धत. प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक हत्याराला, धन टोक टाकाऊ साध्या लोखंडी पत्र्याला. दोन्ही एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. गंज सैल होतो आणि चांगलं लोखंड शाबूत राहतं. पत्रा स्टेनलेस स्टीलचा कधीही घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. काम उघड्या हवेत करा, कारण हायड्रोजन सुटतो, आणि हात घालण्याआधी चार्जर बंद करा. लाकडी दांडा असेल तर ही पद्धत नको. शेवटी कोरडं करून पातळ तेलाचा हात. दांडा बाभळीचा, घामानं काळा झालेला असेल तर तो बदलू नका, त्याला पॉलिशही नको. जवसाचं तेल पुरे.

घ्यावं का?

इथं माझं मत काहींना पटत नाही, तरी लिहितो. चालू भट्टीवरचं हत्यार घेऊ नये. आमच्या भागात एका वयस्कर लोहारकाकांकडं जुनी विलायती ऐरण आहे. शहरातले एक हौशी गृहस्थ तिला चांगली किंमत द्यायला तयार होते आणि मी मध्यस्थी करावी असं त्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. काका अजून तीन-चार गावांचे फाळ आणि खुरपी शेवटून देतात. ऐरण दिवाणखान्यात गेली की त्या गावांतली कामं थांबली. मी तिथं दोन दिवस बसून ऐरणीची मापं घेतली, फोटो काढले, प्रत्येक सांडशीचं मराठी आणि कन्नड नाव उतरवून घेतलं. वस्तू तिथंच राहिली आणि माहिती मंडळाकडं आली. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत २०२३ पासून लोहारांना नव्या हत्यारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत मिळते. त्या निमित्तानं जुनी हत्यारं बाजूला पडली तर विचारायला हरकत नाही, पण लोहारानं स्वतः बाजूला ठेवली असतील तरच.

भट्टी कायमची बंद झाली आणि भंगारवाला दारात आला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा जरूर घ्या, पण सगळा संच एकत्र घ्या. ऐरण एकाकडं, भाता दुसऱ्याकडं आणि सांडश्या भंगारात, असं झालं की भट्टी संपली. संच मोठा असेल तर संग्रहालयाला विचारा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयानं अडकित्ते, दिवे, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वस्तूंना मान दिला. आपल्या जवळ, निपाणीहून कोल्हापूरला जाताना लागणाऱ्या कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयात तर बलुतेदारांचं अख्खं गावच उभं केलंय.

कायद्याच्या दोन गोष्टी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तूही पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला आठवण म्हणून देताना हे लक्षात असू द्या. दुसरं, तलवार आणि भाल्याला शस्त्र कायदा लागतो. शेतीची आणि घरकामाची हत्यारं त्यात येत नाहीत.

नोंद कशी करावी

वही साधी चालेल. प्रत्येक वस्तूला क्रमांक, लांबी, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी फूटपट्टी. मग नाव, आणि ते पुस्तकातलं नको, ज्या घरातून वस्तू आली त्या घरातलं. कन्नड नाव असेल तर तेही. कोण वापरायचं, कशासाठी, कुठल्या भट्टीवर शेवटलं जायचं. घरच्या माणसांची नावं त्यांना विचारूनच लिहा.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारं बाहेर येतात, धुऊन-पुसून मांडली जातात, हळदीकुंकू लागतं. नोंदीला याहून चांगला दिवस नाही, कारण त्या दिवशी घरातली म्हातारी माणसंही तिथंच असतात आणि विचारलं तर सांगतात. येत्या दसऱ्याला आपापल्या गल्लीतली निदान पाच घरं करावीत, अशी सभासदांना विनंती. भरलेल्या वहीची एक प्रत मंडळाकडं द्या. एखादं हत्यार कळलं नाही तर नाव सोडून बाकीचे रकाने भरा आणि फोटो बैठकीला आणा. तिथं बसलेल्या कुणीतरी ते वापरलेलं असतं.